ठेका लांबचा, बोल घरचे

माळशेजचा घाट चढून एस. टी. वर आली, खुबी फाटा मागे पडला आणि धरणाचा फुगवटा रस्त्याशेजारी चमकू लागला, की मी खिडकीची काच सरकवतो. हा माझा चाळीस वर्षांचा शिरस्ता आहे. धरण नव्हते तेव्हाही मी काच सरकवीत असे. तेव्हा आत भाताचा वास येई, आता पाण्याचा येतो. मढ हे माझे आजोळ. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीला पाठ लावून बसलेले गाव. पावसाळ्यात इथे चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, आणि दिवाळीला मात्र ऊन असे स्वच्छ पडते, की हरिश्चंद्रगडाची कडा हाताने पुसून ठेवल्यासारखी वाटते.

गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपून आम्ही गोरेगावहून मामांकडे निघालो. शेजारी आमची धाकटी. कॉलेजात शिकते. कल्याण सोडल्यापासून तिच्या कानांत ती दोन पांढरी बोंडे होती आणि मान एका ठेक्यात हलत होती. आमच्या लहानपणी दारी येणारा नंदीबैल अशीच मान हलवी. घाटातले एवढे कडे मागे गेले, तिने एकाकडेही पाहिले नाही. शेवटी न राहवून मी विचारले, "काय ऐकतेस गं एवढं?"

"स्वदेशी."

मला भरून आले. वाटले, कुणीतरी टिळकांचे चरित्र ध्वनिमुद्रित केलेले दिसते! पोरीने माझ्या चेहऱ्यावरून ओळखले. काही न बोलता एक बोंड काढून तिने माझ्या कानात घातले. आत पहिला आवाज आला तो थेट बरगड्यांवर. मी बोंड काढणारच होतो, एवढ्यात त्या धडधडीतून एक मराठी वाक्य निसटून कानावर पडले. मग दुसरे. आवाज तरुण होता, रागावलेला होता. पण शब्द असे खणखणीत होते, की एस. टी.च्या खडखडाटातही एक अक्षर वाया गेले नाही. मी बोंड काढले नाही. मढ येईपर्यंत बापलेक एका तारेला बांधल्यासारखे बसलो होतो. तार नव्हती, हा भाग वेगळा.

'स्वदेशी' हे मुंबईतल्या काही तरुणांच्या मेळ्याचे नाव आहे, हे मला त्या दिवशी कळले. पुढचे काही महिने मी या मुलांची माहिती गोळा करीत बसलो. घरच्यांनी चेष्टा केली. निवृत्तीच्या उंबरठ्यावर माणसे देवाधर्माला लागतात, हे रॅपला लागले, असे आमच्या सौभाग्यवती शेजारणीला सांगत होत्या.

रॅप म्हणजे काय, हे ज्या घरांत तरुण मुले आहेत तिथे सांगायला नको. जिथे नाहीत तिथे एवढेच सांगतो : चालीवर न गाता, ठेक्याच्या अंगाने, यमके जुळवीत, भरभर बोलणे. त्याच्याभोवती जे सगळे जमले, म्हणजे ते वाजवणे, तो नाच, त्या भिंतींवरच्या चित्राक्षरांची रंगरंगोटी, त्या साऱ्याला मिळून हिप-हॉप म्हणतात. त्याचा वाढदिवससुद्धा सांगतात : ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, एका मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वी कपड्यांसाठी चार पैसे जमवावेत म्हणून तळमजल्यावर नाचाची मैफल ठेवली. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ होता, जमैकाहून आलेला. लोक त्याला कूल हर्क म्हणत. गाण्यातला जो भाग ऐकून पाय उचलतात तेवढाच भाग तो दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवीत राहिला, आणि त्या लांबलेल्या ठेक्यावर कुणीतरी बोलू लागले. गरीब वस्ती, पडीक घरे, गाणे शिकायला ना पेटी ना मास्तर. जे हाताशी होते त्यातून हे निघाले.

पुढे या प्रकाराला बाजार मिळाला, आणि बाजार मिळाला की जे होते ते झाले. गळ्यात सोन्याच्या साखळ्या, लांबलचक मोटारी, आणि मी कसा शूर, मी कसा श्रीमंत हेच कवन. तेव्हा १९८०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्येच काही मंडळी या वाटेवरून बाजूला झाली. 'डी ला सोल', 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट', 'जंगल ब्रदर्स' असे त्यांचे ताफे. त्यांनी आपल्या गोतावळ्याला नाव दिले 'नेटिव्ह टंग्ज'. आपल्या शब्दांत सांगायचे तर मायबोलीवाले. हमरस्ता सोडून आडवाटेने जाणाऱ्या या हिप-हॉपला तिकडे वेगळे नावच पडले. आमचे 'स्वदेशी' त्याच आडवाटेवरचे. फरक एवढाच, की 'नेटिव्ह टंग्ज'वाल्यांची भाषा बोलूनचालून इंग्रजी होती. आणि आमच्या पोरांनी मायबोली हा शब्द खऱ्या अर्थाने घेतला.

हा मेळा जमला तो २०१३च्या सुमारास. मुंबईत तेव्हा रॅप करायचे म्हणजे इंग्रजीत, आणि तेही अमेरिकन मुलाच्या बोलण्याची नक्कल करीत, अशी बहुतेकांची समजूत होती. गल्लीतल्या हिंदीला अजून प्रतिष्ठा आली नव्हती. नेझी आणि डिव्हाइन या दोघांनी ती पुढच्या एक-दोन वर्षांत मिळवून दिली. अशा वेळी या मुलांनी ठरवले, की ज्याने त्याने आपल्या घरच्या भाषेत बोलायचे. मराठीवाल्याने मराठीत, गुजरातीवाल्याने गुजरातीत, हिंदीवाल्याने हिंदीत. एका गाण्यात चार भाषा आल्या तरी चालतील. ऐकणाऱ्याला एखादी समजली नाही तर तो शेजाऱ्याला विचारील. मुंबईच्या लोकलच्या डब्यात तरी दुसरे काय होते?

नावे मात्र यांनी अशी घेतली आहेत, की आईबापांनी बारशाला खर्च केलेला वाया गेला म्हणावे. अकलेश सुतार या मुलाचे नाव धाकटीने मला सांगितले तेव्हा मी 'मावळी' ऐकले आणि पुन्हा एकदा भरून आले. आमचा जुन्नरचा पश्चिम भाग म्हणजे मावळच की! "बाबा, मावळी नाही, मवाली," ती म्हणाली. एमसी मवाली. धर्मेश परमार हा एमसी तोडफोड. तो गुजरातीत बोले. ठेक्याची बाजू सांभाळणाऱ्यांत एक बॅमबॉय आहे आणि एक चक्क राक्षस. अमरावतीकडचा सौरभ अभ्यंकर आपले नाव लिहिताना पहिल्या अक्षराच्या जागी शंभराचा आकडा घालतो. शंभर म्हणजे हिंदीत सौ, म्हणून सौरभ. आमच्याकडे 'सौ.' लग्नानंतर लागत असे, एवढेच मी म्हणालो. धाकटी हसली नाही.

पण थट्टा पुरे. नावामागे एक विचार दिसतो. तमाशातल्या सोंगाड्याला, वगातल्या मावशीला जे बोलता येते ते घरातल्या नावाने बोलता येत नाही. सोंग घेतले की जीभ मोकळी होते.

एक आक्षेप आमच्या कट्ट्यावर हटकून निघतो. ठेका अमेरिकेचा, यंत्रे परदेशची, टोपी उलटी, आणि नाव म्हणे स्वदेशी! मीही पहिल्या दिवशी असेच म्हणालो होतो. मग आमच्या देव्हाऱ्याशेजारी ठेवलेल्या बाजाच्या पेटीकडे लक्ष गेले. ती तरी कुठली? साहेबाच्या मुलुखातून आलेली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर उभे केले होते, का तर ती परकी आणि आपल्या श्रुतींना नालायक. आणि आज ती नसेल तर आमचे भजन सुरू होत नाही. कादंबरी परकी, रंगमंचाचा पडदा परका. परका प्रकार घरचा केव्हा होतो? माझ्या मते, त्यात घरचे भांडण मांडता येऊ लागले की.

आणि भांडण मांडण्याचा हा धंदा आपल्याला नवा नाही. जुन्नर तालुक्याला तर मुळीच नाही. मढहून ओतूर गाठून पुढे गेले की नारायणगाव. उन्हाळ्यात गावोगावच्या जत्रांसाठी तमाशे ठरतात ते तिथल्या राहुट्यांत. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड तिथला. विठाबाई तिथल्या, ज्यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. त्याच्याही आधीपासून कलगी आणि तुरा यांचे सवाल-जवाब चालत. तुरेवाला शिवाची बाजू घेई, कलगीवाला शक्तीची, आणि रात्रभर एकमेकांना कवनांत अडकवण्याचा खेळ चाले. जो अडला तो हरला. आजच्या मुलांच्या रॅपच्या झुंजी पाहिल्या तर कलगीतुऱ्याचा एखादा जुना शाहीर म्हणेल, यात नवे काय? मुंबईच्या गिरणगावात १९४०च्या दशकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तेही डफावर थाप मारून पोटापाण्याचेच बोलत होते.

गोरेगावच्या एका बागेत एकदा संध्याकाळी फिरायला गेलो असता दहा-बारा मुले गोल करून उभी होती. एकजण तोंडानेच ढोलासारखा आवाज काढी आणि बाकीचे आळीपाळीने मध्ये येऊन बोलत. कुणी शब्द विसरला तर शेजारचा सावरून घेई. एक किडकिडीत मुलगा उठला, घसा खाकरला, आणि आपल्या बापाच्या रात्रपाळीबद्दल आठ ओळी बोलून पुन्हा गोलात मिसळला. टाळ्या नाहीत, काही नाही. नुसते 'हां' म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या. धाकटीने सांगितले, याला सायफर म्हणतात. 'स्वदेशी'ची मुले अशाच गोलांतून वर आली आणि असे बहुभाषी गोल त्यांनी स्वतःही भरवले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये झोया अख्तरचा 'गली बॉय' हा चित्रपट आला आणि मुंबईचे रॅप घराघरांत पोचले. त्यातल्या 'इंडिया ९१' या गाण्यात मवाली, तोडफोड, शंभर आकड्याचा सौरभ हे सगळे आहेत, आणि प्रत्येकजण आपापल्या बोलीत. एक्याण्णव हा आपल्या देशाचा दूरध्वनी क्रमांक. आता अशा वेळी काय करावे? दार उघडले आहे, आत सिनेमा उभा आहे. दुसरा कुणी असता तर नायकाच्या मागे उभे राहण्यासाठी रांग लावली असती. या मुलांचे त्या वर्षातले जे गाणे लोकांच्या लक्षात राहिले, ते मात्र सिनेमातले नाही. ते एका जंगलाचे आहे, आणि ते जंगल माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

आरे म्हटले की माझ्या पिढीच्या मुंबईकराला दूध आठवते. १९४९ साली ती दूध वसाहत झाली. पहाटे केंद्रावर रांग, हातात कार्ड, काचेच्या बाटल्यांचा किणकिणाट आणि त्यांची ती चकचकीत झाकणे, जी आम्ही पोरे जपून ठेवत असू. त्या दुधामागे जंगल आहे, आणि त्या जंगलात वारली, मल्हार कोळी अशा आदिवासींचे सत्तावीस पाडे आहेत, हे मला गोरेगावात वीस वर्षे राहूनही माहीत नव्हते. सांगायला लाज वाटते, पण खरे ते खरे. मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या गाड्यांसाठी तिथे कारशेड बांधायचे ठरले तेव्हा वर्तमानपत्रांतून ही नावे वाचली. त्या पाड्यांपैकी केलटीपाड्यात प्रकाश भोईर राहतात. जंगल वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्यांत ते पुढे होते. 'स्वदेशी'च्या मुलांनी शहरात बसून त्यांच्यावर गाणे केले नाही; त्यांनी भोईरांनाच गाण्यात घेतले. 'द वारली रिव्होल्ट' हे ते गाणे, २०१९ सालचे. त्यात भोईरांचा स्वतःचा आवाज आहे. ठेका ब्राँक्सचा आणि बोल पाड्यावरचे, असे ते प्रकरण आहे.

नाव त्यांनी उगाच घेतलेले नाही. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या बाजूला वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यामागे उभे होते, आणि गोदूताईंनी ती हकिगत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. १९७० साली ते निघाले. आमच्या घरी ते होते. वडिलांनी त्याला तपकिरी कागदाचे वेष्टन घातले होते. मी ते परीक्षेसाठी नव्हे म्हणून वाचले नव्हते. रॅप ऐकल्यावर शोधून वाचले.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने झाडांच्या बाजूच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत करवती चालू झाल्या. लोक धावले, पोलिसांनी वाट अडवली, एकोणतीस जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थी होते. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितले, तोवर दोन हजार एकशे एक्केचाळीस झाडे पडली होती. आमची धाकटी तेव्हा शाळेत होती. रात्रभर गॅलरीत उभी होती. मी तिला झोप म्हणून सांगत होतो. मला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे होते.

पुढचा इतिहास वळणावळणाचा आहे आणि तो सगळा सांगत बसत नाही. कारशेड आरेतून कांजूरमार्गला गेले, २०२२ मध्ये पुन्हा आरेत आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल अशी मेट्रो धावू लागली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती थेट कफ परेडपर्यंत गेली. मी तिने जातो. गार हवा असते, बसायला जागा मिळते, गुडघे दुखत नाहीत. जे ऐकतो त्याच्या उलट वागतो म्हणा हवे तर. धाकटी मात्र अजून लोकलने जाते. आम्ही दोघांनी यावर वाद घालणे सोडून दिले आहे.

गाण्याने झाड वाचत नाही, हे त्या मुलांनाही कळत असावे. तरी ते थांबले नाहीत. २०२० साली त्यांचा 'चेतावनी' हा गाण्यांचा संग्रह आला. 'क्रांती हवी' हे त्याच सालचे. त्यातला राग माझ्या प्रकृतीला थोडा जास्त होतो, हे कबूल करतो. सतत चढ्या आवाजात बोलणाऱ्याचे ऐकताना मधून पाणी प्यावेसे वाटते. भाषा काही ठिकाणी अशी आहे, की आजी खोलीत असेल तर आवाज कमी करावा. पण नुसत्या शिव्या देऊन टाळी घेणारे रॅप आणि हे, यांतला फरक दुसऱ्यांदा ऐकताना कळतो. हे रागावतात ते कुणासाठी तरी.

त्यानंतर मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि साऱ्या कलावंतांचे कार्यक्रम बंद पडले. फडवाल्यांचे झाले तेच यांचे. दोन वर्षांनी जग पुन्हा उघडले. मार्च २०२२ मध्ये तोडफोडने स्वतःचा 'ट्रुथ अँड बेस' नावाचा संग्रह काढला. त्याच महिन्याच्या २० तारखेला तो गेला. चोवीस वर्षांचा होता. 'गली बॉय'च्या नटांनी शोक व्यक्त केला, वर्तमानपत्रांनी दोन-चार दिवस छायाचित्रे छापली. ज्या मेळ्यात भाषेगणिक एकच आवाज असतो तिथे एक माणूस गेला की एक भाषाच गेल्यासारखी होते. बाकीच्यांनी काम सोडले नाही. अमरावतीचा सौरभ २०२४ साली दूरचित्रवाणीवरच्या रॅपच्या स्पर्धेत उतरला आणि विदर्भातल्या मराठीला तिथे उभे केले.

आता पुन्हा मढला येतो, कारण खरे सांगायचे ते तिथेच घडले.

मामांचे वय ऐंशीच्या पुढे. ऐकू चांगले येते, दिसते कमी. तरुणपणी ते मुंबईत मशीद बंदरला एका गुजराती व्यापाऱ्याच्या पेढीवर होते. पाठीवर पोती वाहिली, पुढे वजनकाट्यावर बसू लागले, आणि वडील थकल्यावर शेती करायला परत आले. खालची भातखाचरे धरणाच्या फुगवट्यात गेली, वरची राहिली. त्या संध्याकाळी ओटीवर त्यांचे एक जुने सोबती बसले होते, वरच्या वाडीतले महादेव कोळी. या बाजूला हिरड्याची झाडे पुष्कळ. आदिवासी घरांना हिरड्यातूनच चार पैसे दिसतात. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने इथली हिरड्याची झाडे मोडली होती, त्याचेच बोलणे चालले होते. धाकटीने मध्येच विचारले, "आजोबा, तुम्हांला एक गाणं ऐकवू? झाडांचंच आहे."

मी डोळ्यांनी तिला नको म्हणत होतो. तिने बोंडे काढली, फोन ओटीच्या कडेवर एका पितळी तांब्यात उभा केला, म्हणजे आवाज मोठा होतो म्हणे, आणि 'द वारली रिव्होल्ट' लावले.

दोघे म्हातारे मान खाली घालून ऐकत राहिले. तांब्यातून ठेका घुमत होता. गोठ्यातली गाय दोनदा हंबरली. भोईरांचा आवाज आला तेव्हा वाडीतले बाबा एकदम वर बघून म्हणाले, "ह्यो आपल्यातला दिसतोय. बोली आपली न्हाई, पर मानूस आपल्यातला."

गाणे संपल्यावर मामांनी विचारले, "मंग? झाडं ऱ्हायली का?"

धाकटी म्हणाली, "नाही आजोबा. रात्री येऊन तोडली."

"रातची?"

"हो. रात्रभर तोडत होते."

मामा आणि बाबा एकमेकांकडे बघत राहिले. सूर्य मावळला की झाडाच्या पानालाही हात लावायचा नाही, झाड झोपलेले असते, हे माझ्या आजीने मला याच ओटीवर सांगितले होते. तुमच्याही आजीने सांगितले असेल. तुळशीचे एक पान दिवेलागणीनंतर लागले तर ती आधी हात जोडी. मी गोरेगावात दोन हजार झाडांचा आकडा वाचला, न्यायालयाच्या तारखा वाचल्या, दोन्ही बाजूंचे लेख वाचले. पण ती रात्री तोडली, ही गोष्ट मला कधी टोचली नव्हती.

"रातचं झाडाला हात लावीत न्हाईत," बाबा हळूच म्हणाले. एवढेच. मग त्यांनी तंबाखूची चंची उघडली आणि बराच वेळ काही मळले नाही.

ओटीवर शांतता फार झाली असे वाटून धाकटीने दुसरे गाणे लावले. ते 'इंडिया ९१' होते. त्यात गुजराती आले तसे मामा सरसावून बसले. पन्नास वर्षांत त्यांच्या तोंडून गुजराती ऐकलेले मला आठवत नाही. पण एक एक शब्द पकडून ते मान डोलवू लागले. धाकटीला हे गाणे पाठ आहे, पण गुजराती तुकड्यातले काही शब्द तिला कधीच कळले नव्हते. ते तिने तिथल्या तिथे आजोबांना विचारून घेतले. वजनकाट्यावरची गुजराती अशी साठ वर्षांनी कामाला आली. मामा खुशीत होते.

"झ्याक बोलतोय," ते म्हणाले. "शेटच्या पेढीवर असाच एक पोरगा व्हता, जीभ अशी चालायची. हा कुठं असतो गाईत? मुंबईलाच?"

धाकटी माझ्याकडे बघू लागली. मी काही मदत केली नाही.

"गेला तो, आजोबा," ती म्हणाली. "चोवीस वर्षांचा होता."

मामा काही वेळ त्या तांब्याकडे बघत बसले. गाणे पुढे निघून गेले होते, दुसऱ्याच कुणाचा तुकडा लागला होता. आतून मामी जेवायला हाक मारीत होत्या.

"त्याचं तेवढंच परत लाव," मामा म्हणाले.

तिने गाणे मागे नेले.